प्लास्टिकच्या गांडुळाला लागलेला बास हातात येण्याआधीच का सुटतो?

काठावरचा

नमस्कार मंडळी. गेले दोन रविवार एकच गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढतोय. मासा लार्जमाउथ बास, मांडणी टेक्सास रिग (गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवलेलं, पुढे वजन), आमिष प्लास्टिकचं मऊ गांडूळ. दोन सकाळी मिळून नऊ माशांनी गांडूळ उचललं. नऊही वेळा मी हिसका दिला, नऊही वेळा रॉड वाकला. हातात आले दोन. सात सुटले.

लाइन तुटली नाही, गाठ निसटली नाही, गळ वाकला नाही. गांडूळ मात्र बहुतेक वेळा गोळा होऊन गळाच्या बाकापाशी सरकलेलं परत आलं. क्रँकबेटवर (कडक नकली मासा, खाली उघडे गळ) मी बरीच वर्षं मासे काढतोय, तिथे एवढे कधी सुटले नाहीत. गांडुळावरच का?

सामान सांगतो: १८ सेंमीचं जाडसर गांडूळ, ३/० चा (आकडा मोठा तसा गळ मोठा) ऑफसेट म्हणजे वाकड्या मानेचा गळ, १० ग्रॅमचं बुलेट वजन (लाइनवर मोकळं, त्याला जागेवर अडवणारा स्टॉपर नाही), १४ पाउंडी मोनो (एकेरी नायलॉनची) लाइन, साडेसहा फुटी मीडियम रॉड. पाणी दोन ते चार मीटर, तळाला बुडालेली झाडं.

हिसका लवकर देतोय की उशिरा? की जोर कमी पडतोय?

शेवाळ

गळाचं टोक तपासलंत का? अंगठ्याच्या नखावर टोक हलकेच टेकवून ओढायचं. घसरलं तर बोथट, रुतून थांबलं तर ठीक. बुडालेल्या लाकडांत आणि दगडांत दोन तास फिरवलेला गळ सकाळी पाकिटातून काढला तसा राहत नाही.

गरीवाला

शेवाळ यांचं बरोबर आहे, ती पहिली तपासणी. पण काठावरचा, आधी मला एक सांगा. सात मासे सुटले म्हणता, ते *केव्हा* सुटले? हिसका दिल्यावर एक-दोन सेकंदांत? उडी मारताना? की अगदी जवळ आल्यावर? हे तीन निरनिराळे आजार आहेत आणि औषधंही निरनिराळी आहेत. सगळ्यांना "सुटला" असा एकच शब्द वापरला की माणूस रॉड बदलतो, लाइन बदलतो आणि मासे तरी सुटतच राहतात.

दुसरं, गांडूळ परत आलं तेव्हा गळाचं टोक कुठे होतं? प्लास्टिकच्या बाहेर की आतच?

काठावरचा

चांगला प्रश्न विचारलात, मी असा हिशेब केलाच नव्हता. आठवून लिहितो. चार मासे हिसक्यानंतर लगेच गेले. रॉडवर जड ओझं आलं, मासा दोन-तीनदा डोकं हलवून गेला आणि सगळं सैल. दोन उडी मारताना. एक पायाशी, मी लाइन धरून उचलायला गेलो तेव्हा.

टोकाचं म्हणाल तर एका गांडुळाचा फोटो काढला होता, तो आत्ता मोठा करून पाहिला. टोक प्लास्टिकच्या आतच आहे. पाठीला फुगवटा आलाय, पण कातडी फुटलेली नाही.

गरीवाला

मग त्या चार माशांचं उत्तर तुमच्या फोटोतच आहे. ते मासे सुटले नाहीत, कारण ते लागलेच नव्हते. त्यांनी गांडूळ तोंडात दाबून धरलं होतं, तुम्ही गांडूळ ओढत होता, आणि कंटाळल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

जरा सविस्तर लिहितो, कारण गांडुळाच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो.

बास गांडूळ चावून उचलत नाही, पाण्यासकट आत खेचतो. तोंड आणि कल्ल्यांची झाकणं एकदम फाकतात, पाणी आत धावतं, त्याबरोबर गांडूळ. लाइनवर जी "टक्" जाणवते ती बहुतेक वेळा हीच. मग तो जबडा मिटतो. आता आत काय परिस्थिती आहे ते डोळ्यांसमोर आणा. गांडूळ वरच्या आणि खालच्या जबड्यात चेपलेलं. बासच्या ओठांमागे बारीक दातांचे पट्टे असतात, बोट फिरवलं तर सॅंडपेपरसारखे लागतात. ते मऊ प्लास्टिकला घट्ट पकडतात. गळ त्या प्लास्टिकच्या पोटात, टोक झाकलेलं.

तुम्ही हिसका देता. गळाला दोन कामं करायची आहेत: आधी प्लास्टिकमधून बाहेर यायचं, मग माशाच्या मांसात उलट्या काट्यापर्यंत (टोकामागचा, गळ मागे निसटू न देणारा काटा) घुसायचं. पण गांडूळ जाड असेल आणि गळाची गॅप लहान असेल (गॅप म्हणजे टोक आणि दांडा यांच्यातली मोकळी जागा), तर हिसक्याबरोबर सगळं प्लास्टिक गोळा होऊन त्याच जागेत ठासून बसतं. टोकाला बाहेर यायला वाटच उरत नाही. मग गळ, गांडूळ आणि मासा हे सगळं एकच गाठोडं होऊन तुमच्याकडे सरकतं. रॉड वाकतो, डोकं हलवल्याचे धक्केही जाणवतात. आपल्याला शंभर टक्के वाटतं की मासा लागला. आणि मासा तोंड उघडतो.

क्रँकबेटवर हा प्रश्न येत नाही, कारण तिथे तीन टोकी गळ उघडे लोंबत असतात. त्यांना आधी कशातून बाहेर पडायचं नसतं.

घरी एक करून बघा. गांडूळ नेहमीसारखं गळावर लावा. ओलं फडकं हातावर जाड गुंडाळा, त्यावर चामड्याचा हातमोजा घाला आणि गांडुळाची फक्त शेपटी मुठीत धरा, गळाचा भाग बाहेर मोकळा दिसू द्या. दुसऱ्या कोणाला तरी लाइन हळूहळू ताणायला सांगा. झटका अजिबात नको, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. गांडूळ कसं गोळा होतं, टोक बाहेर येतं की अडकतं, दोन मिनिटांत कळेल.

मंद_झुळूक

गरीवाला, वाचतेय. फडक्याऐवजी पक्कड वापरा पण, हात नको. शेपटी पक्कडीत धरली तरी तेच दिसतं. माझ्या भावाच्या तळव्यात ४/० गेला होता, उलट्या काट्यासकट. तो दिवस मला परत बघायचा नाही.

गरीवाला

मंद_झुळूक, अगदी मान्य. काठावरचा, पक्कडच वापरा. हात कुठेच नको.

जुना_रीळ

मी थोडा वेगळा विचार मांडतो. गळाचा दोष आहेच, पण साडेसहा फुटी मीडियम रॉड आणि १४ पाउंडी मोनो या जोडीवर टेक्सास रिगचा गळ लांबून रुतवणं अवघड आहे, गळ कुठलाही असो.

काही वर्षांपूर्वी मी मैदानात प्रयोग केला होता. स्प्रिंगचा वजनकाटा झाडाला बांधला, त्याला लाइन बांधली, तीस पावलं मागे गेलो आणि जीव खाऊन हिसका दिला. मित्र काटा बघत होता. सात-आठ किलो तरी दाखवेल अशी माझी खात्री होती. दीड किलोच्या वर काटा गेला नाही. चार वेळा करून पाहिलं, तरी तेच. दहा पावलांवर आलो तेव्हा आकडा चांगलाच चढला.

जोर जातो कुठे? पहिला भाग लाइनच्या ढिलीत. हात मागे जातो तेव्हा अर्धा फेरा ती ढील गोळा करण्यातच खर्च होतो. दुसरा भाग मोनोच्या ताणात. नायलॉन रबरासारखं लांबतं, आणि पाणी शोषल्यावर आणखी लांबतं. तिसरा भाग रॉडच्या वाकण्यात. चौथा, ड्रॅग (ताण आला की लाइन सुटू देणारा रिळाचा ब्रेक) सैल असेल तर रीळ "चर्र" करून उरलंसुरलं देऊन टाकतं. माशाच्या तोंडाशी पोचतो तो उरलेला चतकोर.

म्हणून: सात फुटी मीडियम हेवी, फास्ट ॲक्शन रॉड (जरा ताठ, मुख्यतः टोकाशी वाकणारा). हिसक्यापूर्वी रॉडचं टोक माशाकडे खाली नेत भराभर रीळ फिरवायचं, लाइन *जवळजवळ* ताठ होऊ द्यायची आणि मग कमरेतून वळून एक सलग ओढ. मनगटाचा झटका गांडुळाच्या कामाचा नाही.

गरीवाला

जुना_रीळ, तुमच्या मुद्द्याशी भांडण नाही. पण टोक प्लास्टिकमध्ये ठासलेलं असेल तर दीड किलोऐवजी चार किलो जोर दिला तरी ते गाठोडंच जोरात ओढलं जाईल. आधी वाट मोकळी, मग जोर. माझा क्रम तसा आहे.

जुना_रीळ

क्रम मान्य.

तळठाव

या निमित्ताने थोडा इतिहास, कारण प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी निक क्रीम यांनी १९४९ मध्ये व्हिनाइलचं मऊ गांडूळ बनवलं आणि पुढे ते विकायला काढलं. सुरुवातीची ही गांडुळं उघड्या गळांच्या साखळीवर यायची, पुढे मणी आणि छोटा पंखा. उघड्या पाण्यात झकास, झाडाझुडपांत पहिल्याच फेकीला अडकणार. टेक्सासमधल्या जलाशयांत तळाला बुडालेली झाडंच झाडं. तिथल्या लोकांनी गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवलं, पुढे बुलेटच्या आकाराचं वजन घातलं, आणि टेक्सास रिग जन्माला आली.

म्हणजे टोक झाकणं ही झाडांत न अडकण्यासाठी मोजलेली किंमत आहे. जे टोक लाकडात शिरत नाही ते माशाच्या तोंडातही सहज शिरत नाही. ही गोष्ट पटली की मग प्रत्येक वेळी ठरवता येतं, आज किती झाकायचं. उघडं पाणी, वाळूचा तळ असेल तर मी टोक गांडुळाच्या पाठीतून पूर्ण बाहेर काढतो आणि फक्त अणकुची कातडीखाली सरकवतो, केसभर. एवढंसं झाकणही गवतातून पार नेतं, आणि माशाने दाबलं की टोक लगेच वर येतं.

शेवाळ

+१. आणि जाड गांडूळ असेल तर मी टोक एकदा आरपार बाहेर काढून पुन्हा आत घेतो. बोगदा आधीच तयार. हिसक्याच्या वेळी प्लास्टिक फाडायचं काम उरत नाही.

काठावरचा

पक्कडीचा प्रयोग आत्ताच केला, बायकोने लाइन ओढली. जे दिसलं ते लिहितो. गांडुळाचं नाक ऑफसेट गळाच्या वाकड्या मानेत अडकून बसलं, खाली सरकलंच नाही. पाठीचा भाग मात्र गोळा होऊन गॅपमध्ये भरला. टोक आत. आणखी ओढलं, तरी आत. शेवटी गांडूळ फाटलं, पण टोक काही बाहेर आलं नाही.

मग घरात पडून असलेला ५/० चा मोठा गळ त्याच जातीच्या गांडुळाला लावला. पहिल्याच ओढीत टोक बाहेर.

खरं सांगतो, गेल्या दोन रविवारचे ते चार मासे डोळ्यांसमोर आले.

गरीवाला

उत्तम! असं स्वतः पाहिल्यावर जे कळतं ते शंभर प्रतिसाद वाचून कळत नाही.

१८ सेंमी जाडसर गांडुळाला ३/० लहान पडतो. बारीक, सडपातळ १५ सेंमी गांडुळाला तो ठीक. जाडसर १८-२० ला मी ४/० किंवा ५/० घेतो. लांबीपेक्षा जाडी बघा. नियम साधा: गांडूळ गळावर लावल्यावर, त्याची पाठ आणि टोकाखालचा बाक यांच्यामध्ये गांडुळाच्या जाडीएवढी तरी मोकळी जागा दिसली पाहिजे.

सरळ दांड्याचा गळही वापरून बघा. त्याला वाकडी मान नसल्यामुळे हिसक्याबरोबर गांडूळ दांड्यावरून खाली घसरतं आणि टोकाच्या वाटेतून दूर होतं. अडचण एवढीच की फेकतानाही नाक खाली घसरतं, म्हणून दांड्यावर बारीक काटे असलेला घ्या.

तारेची जाडीही बघा. जाड तारेचा गळ वाकत नाही, पण रुतायला जोर जास्त मागतो. तुमच्या मीडियम रॉडला आणि मोनोला तो झेपणार नाही. मध्यम तार घ्या. बारीक तार पटकन रुतते, पण झाडातून मोठा बास उपटताना उघडते.

नीलमोहर

माझा प्रश्न वेळेबद्दल. मला शिकवणाऱ्या काकांनी सांगितलं होतं, टक् झालं की पाचपर्यंत मोज, मासा चालू लागला की ओढ. इथे लोक लगेच ओढा म्हणतात. कोणाचं ऐकू?

मंद_झुळूक

नीलमोहर, पाच मोजू नकोस. हे मी कळकळीने सांगतेय.

बासच्या तोंडाचा आकार बघ, एका घोटात अख्खं गांडूळ आत जातं. नंतर वाट बघण्यात दोनच शक्यता असतात. एक, त्याला वजन जाणवतं, लाइनचा ताण जाणवतो, आणि तो थुंकून टाकतो. आत घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच बाहेर. दोन, तो गिळतो, आणि गळ घशात किंवा अन्ननलिकेत रुततो. अशा वेळी मासा सुटत नाही हे खरं, पण तो मासा परत पाण्यात सोडला तर जगेल याची शाश्वती नाही. मी असा एक मासा हातात धरलाय. कल्ल्यांतून रक्त येत होतं, गळाचा फक्त डोळा (लाइन बांधायचं भोक) दिसत होता. तेव्हापासून मी वाट बघणं सोडलं.

माझी पद्धत: टक् झालं की रॉड खाली, ढील गोळा, बोटाने लाइनवर मासा आहे का ते चाचपायचं (जिवंत ओझं वेगळं कळतं, दगडाचं वेगळं), आणि ओढ. या सगळ्यात सेकंद-दीड सेकंद जातो, आणि तेवढा पुरतो.

तरीही घशात गेलाच तर ओढाताण करू नकोस. कल्ल्याच्या बाजूने बारीक पक्कडीने गळ उलटवता आला तर ठीक, नाहीतर लाइन गळाजवळ कापून सोडून दे.

तळठाव

मंद_झुळूक यांच्याशी सहमत, एका अपवादासह. थंड पाण्यात बास आळसावलेला असतो, गांडूळ ओठांत धरून नुसता उभा राहतो. तिथे मी अर्धा सेकंद जास्त देतो. पाच मात्र कधीच नाही.

आणि ढील गोळा करताना लाइन *एकदम* ताठ करू नका. मासा आत खेचत असताना लाइन ताणलेली असेल तर गांडूळ पूर्ण आत जातच नाही, ओठाच्या कडेलाच राहतं. मग गळ लागला तरी ओठाच्या पातळ पडद्याला लागतो आणि पहिल्या उडीत फाटतो.

मंद_झुळूक

एक मुद्दा राहिला. काठावरचा, तुमचे चार मासे म्हणजे चारही बास होते याची खात्री आहे? ब्लूगिल (छोट्या तोंडाचे लहान मासे) शेपटीला टोचे मारतात तेव्हा "टक् टक् टक्" असं भराभर येतं, गळापर्यंत त्यांचं तोंड पोचतच नाही. गांडूळ परत आल्यावर शेपटी बघा. शेपटीचा तुकडा गेला असेल, अंग शाबूत असेल, तर तो छोट्या माशाचा उद्योग. बासने घेतलेल्या गांडुळावर दोन्ही बाजूंनी खरवडल्यासारखी रांग दिसते.

आणि विणीच्या दिवसांत घरट्यावर बसलेला नर खायला म्हणून घेतच नाही. गांडूळ शेपटीला धरतो, घरट्याबाहेर नेतो आणि टाकतो. तिथे कितीही चांगला हिसका द्या, हाती काही लागत नाही. मी तर त्या काळात घरट्यांवर फेकतच नाही. नर उचलला की अंडी खायला ब्लूगिल टपलेलेच असतात.

काठावरचा

खरवडल्याची रांग होती, म्हणजे बासच. आता उडीत गेलेल्या दोन माशांबद्दल कोणी सांगेल का? त्यातला एक मोठा होता. पाण्याबाहेर अर्धा आला, डोकं झटकलं, आणि मला वजन आणि गांडूळ हवेत उडताना दिसलं.

जुना_रीळ

तुमचं वजन मोकळं आहे हे चांगलं. मासा उडी मारतो तेव्हा मोकळं वजन लाइनवरून वर सरकतं आणि तोंडापासून दूर जातं. स्टॉपर लावून वजन नाकाशी घट्ट बसवलेलं असेल तर माशाच्या प्रत्येक झटक्याला ते लोलकासारखं झुलतं आणि गळाला तरफेसारखं उपटतं. जड वजन असेल तर आणखी जोरात.

मग उडीत का गेला? बहुधा दोन कारणं. एक, गळ अर्धवट रुतला होता, उलटा काटा बाहेरच राहिला. टोक घुसलंय पण काटा नाही, अशा गळाला क्षणभर ढील मिळाली की मागे घसरायला काहीच लागत नाही. दोन, ती ढील तुम्ही दिलीत. मासा वर येतो तेव्हा लाइन आपल्याकडे सैल होते, आणि आपण तोंड उघडं ठेवून बघत राहतो. लाइन पाण्यातून वर चढताना दिसली की उडी येणार. तेव्हाच रॉडचं टोक पाण्याजवळ खाली न्या, बाजूला वळवा आणि रीळ फिरवत राहा. मासा अर्धा बाहेर आला तरी तिरका ओढला जातो, डोकं झटकायला त्याला हवी तेवढी मोकळीक मिळत नाही.

गरीवाला

घट्ट वजनाला मी सरसकट नाव ठेवणार नाही. दाट गवतात ते लागतंच, नाहीतर वजन खाली जातं आणि गांडूळ वर गवतात अडकून राहतं. तिथे मी जेवढं हलकं चालेल तेवढं हलकं वापरतो, आणि सरळ गळ दांड्याभोवती गुंडाळीच्या गाठीने बांधतो. हिसक्याला वजन गळाच्या डोळ्यावर आपटतं आणि टोक बाहेरच्या बाजूला उसळतं. टाळूत लागलेले मासे मला या गाठीवर जास्त मिळाले.

नीलमोहर

ब्रेडेड (विणलेली, न लांबणारी) लाइन घेतली तर हे सगळं सुटेल ना? ताणच नाही तर पूर्ण जोर पोचणार.

शेवाळ

पोचतो, आणि म्हणूनच मी दोन वर्षं मासे *शेवटी* हरवत होतो. मीडियम हेवी रॉड, ३० पाउंडी ब्रेड, ड्रॅग कुलूप लावल्यासारखा. गळ दणकून रुतायचा. पण पुढे माशाच्या प्रत्येक धडकेला लवायला काहीच नव्हतं. रॉड कडक, लाइन कडक. गळाने केलेलं भोक मोठं मोठं होत जायचं. काठाशी आलेल्या माशाने एक शेवटची धाव घेतली की गळ त्या मोठ्या झालेल्या भोकातून अलगद पडायचा. त्यातला एक मासा हातजाळ्यात आला होता आणि गळ जाळ्यातच सुटून पडला. त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात गळाच्या तारेच्या जाडीच्या तिप्पट लांबीची चीर होती. तेव्हा मला कळलं.

आता हिसक्याच्या वेळी स्पूलवर अंगठा दाबतो, आणि मासा लागला की अंगठा काढतो. ड्रॅग इतका सैल की मोठ्या धावेला लाइन जाईल. ब्रेडच्या पुढे दोन-अडीच मीटर फ्लुरोकार्बन लाइनही बांधतो.

पायाशी सुटलेल्या माशाचंही हेच. लाइन धरून उचलायचं नाही. पाण्यात माशाचं वजन जाणवत नाही, बाहेर काढलं की सगळं वजन त्या एका भोकावर. हातजाळं, किंवा खालचा जबडा अंगठ्याने धरून.

तळठाव

नीलमोहर, मासा हातात आला की गळ कुठे लागलाय ते दरवेळी बघून वहीत लिही. जबड्याचा कोपरा म्हणजे उत्तम; तिथे मांस चिवट आणि मागे हाड, गळ निघत नाही. टाळूच्या मधोमध म्हणजे हिसका जोरदार आणि वेळेवर. ओठाच्या कडेला, पातळ पडद्यात म्हणजे घाई झाली किंवा लाइन आधीच ताठ होती. घशात म्हणजे उशीर. पंधरा-वीस माशांची नोंद झाली की आपली सवय आपल्याला दिसते.

वाकी रिगवर (गळ गांडुळाच्या मधोमध आडवा टोचलेला) मात्र हे हिसक्याचं प्रकरण विसर. तिथे टोक उघडंच असतं. नुसतं रीळ फिरवत रॉड वर उचल, गळ आपोआप कोपऱ्यात जातो. तिथे टेक्सासचा हिसका दिला तर बारीक तारेचा गळ तोंडातून उपटून येतो.

नीलमोहर

वही सुरू केली. मंद_झुळूक ताई, तळठाव दादा, धन्यवाद.

काठावरचा

तीन आठवड्यांनी लिहितोय. सरळ दांड्याचा ४/० गळ, तेच गांडूळ, टोक आरपार काढून परत कातडीखाली. रॉड सात फुटी मीडियम हेवी, शेजाऱ्याकडून आणलेला. लाइन तीच १४ पाउंडी मोनो, कारण एका वेळी सगळं बदललं तर काय लागू पडलं ते कळणार नाही.

तीन सकाळी मिळून बारा माशांनी घेतलं. आठ हातात. सुटलेल्या चारांत दोघांनी शेपटीच नेली, टोचेच होते ते. एक झाडात शिरला आणि फांदीभोवती लाइन गुंडाळून गेला. एक उडीत.

आठांपैकी पाच जबड्याच्या कोपऱ्यात, दोन टाळूत, एक ओठाच्या कडेला. तो ओठाचा मी हातजाळ्यात घेतला आणि गळ स्वतःहून पडला, शेवाळ म्हणाले तसंच.

पण ज्यासाठी खास लिहायला बसलो ते सांगतो. दुसऱ्या सकाळी एक मासा काढल्यावर मी गळ सोडवायच्या आधी नीट पाहिलं. गांडूळ लाइनवर वर सरकून तोंडाबाहेर लोंबत होतं, टोकापासून चांगलं वीतभर दूर. गळ एकटाच कोपऱ्यात रुतलेला, उलट्या काट्याच्या पुढे गेलेला, भोवती प्लास्टिकचा कण नाही. त्या जुन्या फोटोतलं गोळा झालेलं गांडूळ आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून बघितली. गरीवाला, तुम्ही "लागलेच नव्हते" म्हणालात ते मला तेव्हा थोडं लागलं होतं. आता पटलं.

एक शंका उरली आहे. उडीत गेलेला तो बारावा मासा मोठा होता. रॉड खाली नेला होता, ढील दिली नाही, वजन मोकळं होतं. तरी गेला. टोक नखावर रुतत होतं.

गरीवाला

गांडूळ परत आलं तेव्हा टोकावर काही होतं का? खवला, कातडीचा पांढरा तुकडा?

काठावरचा

हो, होता. नखाएवढा पातळ पांढरा पडदा टोकावर अडकलेला होता. मी तो शेवाळ समजून पुसला.

गरीवाला

तो जबड्याच्या बाजूचा पडदा. मोठा बास तोंड उघडतो तेव्हा वरच्या जबड्याच्या कडेचं हाड आणि गाल यांच्यामध्ये तो ताणला जातो, कागदासारखा. गळ तिथे लागला तर उलटा काटा पार जाऊनही फाटतो. यात तुमची चूक नाही. टक् झाली तेव्हा मासा कुठल्या दिशेला चालत होता आठवतं? तुमच्याकडे येत असेल तर गळ बऱ्याचदा असाच कुठेतरी पुढे लागतो. पुढच्या वेळी लाइन तुमच्याकडे येताना दिसली तर हिसका थांबवा, दोन फेरे जास्त रीळ फिरवा, मासा बाजूला वळला की तिरकी ओढ द्या.

काठावरचा

माझ्याकडेच येत होता. लाइन सैल पडत चालली होती, मी घाईने ओढलं. रविवारी त्याच झाडापाशी जातोय.